दादाच्या पेटीतून काय काढलंस

भाषण, पहिल्यांदा

मित्रांनो, आज आपण इथे जमलो आहोत ते आपल्या वर्गातल्या एका थोर—

मनातल्या मनात थोर म्हणताना हात घसरला आणि यंत्रावरच्या किल्लीचा दात गेला. बिघडलेली किल्ली तिने डब्यात फेकली, यंत्र बंद केलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "दुसरी करून देते. थांबा जरा. चूक माझी नाही, एका मेलेल्या माणसाची आहे."

गिऱ्हाईक बिचारं साधं होतं. "सावकाश करा," म्हणालं.

तर ही किल्ली. म्हणजे हिला वर्गात किल्लीच म्हणत. बापाचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे दुकानही हिच्याच गळ्यात पडलं. साठी उलटली तरी वर्गातल्यांच्या तोंडी नाव तेच. त्या वर्गात आईबापाने ठेवलेल्या नावाने कुणी कुणाला हाक मारलीच नाही. एक मॉनिटर होता, तो अजून मॉनिटरच आहे. शाळा सुटली पण मॉनिटरकी सुटली नाही. एक ढब्बू होता, तो दातांचा डॉक्टर झाला, वाळून काडी झाला, तरी ढब्बूच.

आणि एक इस्त्री होता.

इस्त्रीकडे शर्ट एकच, पण तो उशीखाली घडी घालून ठेवायचा आणि सकाळी असा घालून यायचा की मास्तरांनी आपलीच कॉलर चाचपावी. मैदानात पडला तर आधी शर्ट झटकायचा, मग रडायचा. हा इस्त्री पुढे सैन्यात गेला, लढाईत लढला, पायात गोळी घेऊन परत आला. आणि गेल्या आठवड्यात बाजारातून आला, खुर्चीत बसला आणि भाजीची पिशवी मांडीवर तशीच ठेवून गेला.

त्याची शोकसभा आज होती. पाच वाजता, शाळेत, जुन्या वर्गात. बोलायचं होतं किल्लीने.


मॉनिटरचा फोन

"किल्ले, तूच बोलायचंस. तुझ्या दुकानात यायचा ना तो सारखा? तुझ्याइतका तो कुणाला माहीत नाही."

"मला नको घालू यात."

"अगं, नको काय! सगळं ठरलंय. मी प्रस्तावना करतो, ढब्बू दोन शब्द बोलतो, मग तू. आणि जाता जाता त्याच्या घरी जा. वहिनींना मी सांगितलंय. त्याचं पदक, टोपी, असलं काहीतरी टेबलावर मांडायला घेऊन ये. चांगल्या चांगल्या वस्तू निवड. सटरफटर नको."

"सटरफटर म्हणजे?"

"तुला कळतंय. बाटली वगैरे. आणि भाषणात ते पिण्याचं, आरडाओरडा करायचा ते, काही काढू नकोस. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं."

किल्लीने फोन एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे नेला. जणू त्या कानाला तरी काही बरं ऐकू येईल.

"आणि हो," मॉनिटर म्हणाला, "तुझ्या दादाची पेटी त्यानेच भरली होती ना? ते नक्की सांग. भावाची पेटी मित्राच्या हातून घरी आली. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. किल्लीची मस्तकातच होती, बऱ्याच वर्षांपासून. ती फक्त पायापर्यंत उतरली आणि तिने पायाजवळचं स्टूल लाथ मारून उडवलं.

"काय पडलं गं?"

"सटरफटर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.


पेटी

आता पेटीचं ऐका, नाहीतर बाई उगाच चिडकी वाटेल.

किल्लीचा दादा तिच्याहून मोठा. इस्त्रीच्या आधी सैन्यात गेला आणि त्याच लढाईत गेला. देह सापडला नाही. एका टेकडीवर बरेच जण होते, टेकडीच राहिली नाही, असं काहीतरी कुणीतरी सांगितलं. घरी आली ती त्याची पत्र्याची पेटी. बापाने स्वतःच्या हाताने बनवलेलं कुलूप तिला होतं. किल्ली दोऱ्याने कडीला बांधलेली.

बापाने पेटी उघडली. आईने आत पाहिलं.

शर्ट एकावर एक, कडा जुळवून. पायमोज्यांच्या जोड्या एकमेकांत गुंडाळून ओळीने. रुमालांची चौकोनी घडी. दाढीचं सामान कापडात बांधलेलं, ब्रशमध्ये साबणाचा कण नाही.

दादा कसा होता? दादा आंघोळीहून आला की ओला टॉवेल जिथे हातातून सुटेल तिथे राहायचा. पायमोजे एक इथे, दुसरा देवाला माहीत. दादाची पिशवी उघडायची तर आई नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "यात उंदीर मेला तरी कळायचं नाही रे तुला!" असा दादा.

आईने वरचा शर्ट उचलून नाकाशी नेला. सगळ्या घरादारासमोर, खाली मान घालून, हुंगला. मग दुसरा. मग तिसरा. मग पायमोजे.

"साबण," ती म्हणाली.

तिने मोजे परत पेटीत टाकले.

"हे माझ्या पोराचं नाही."

"अगं, कुलूप माझं आहे," बाप म्हणाला.

"कुलूप तुमचं असेल. आतलं माझ्या पोराचं नाही. पेट्यांची अदलाबदल झालीय. दुसऱ्या कुणाचं तरी पोर गेलंय आणि त्याची पेटी आपल्याकडे आलीय." आणि आईच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते किल्ली जन्मात विसरली नाही. "म्हणजे आपला आहे. आहे कुठेतरी."

सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय, बोलते आहे, उतरेल. नाही उतरलं. आईने ती पेटी कपाटावर ठेवली, त्या दुसऱ्या कुणाच्या आईसाठी नीट जपून. "तिचं माणूस आलं मागायला तर द्यावी लागेल," म्हणायची. आणि स्वतः वाट बघत बसली. दाराला आतून कडी लावू द्यायची नाही. कुलपं विकणाऱ्याचं घर, आणि दाराला कडी नाही! बाप गेला, तरी कडी नाही. म्हातारी झाली, डोळे गेले, तरी जिन्यात पाय वाजला की मान वर. ती वाट बघता बघताच गेली. शेवटच्या दिवसांत किल्लीने तिच्या कानाशी सांगितलं, "आई, दादा गेला गं. केव्हाच गेला." आई हसली आणि म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच."

एक घाणेरडा मोजा. एकच. तेवढा असता तर आईने ऊर बडवून घेतला असता, वर्षभर रडली असती, आणि मग दाराला कडी लावून झोपली असती.


भाषण, पुन्हा

मित्रांनो, तो फार टापटीप होता. त्याच्या टापटिपीपायी माझी आई—

नाही. हे इतक्यात नाही.


दुकानात

इस्त्रीने सांगितलं ते पुढे, आई गेल्यावर. सैन्यातून सुटून, लग्न होऊन, पोरी नांदायला जाऊन, सगळं झाल्यावर. एक दिवस दुकानात आला, लंगडत, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि एका किल्लीची दुसरी करून मागितली. किल्ली करेपर्यंत स्टुलावर बसला. रुमाल काढून कपाळ पुसलं, रुमालाची घडी केली.

"किल्ले, एक सांगायचं राहिलंय. दादाची पेटी मीच भरली होती."

तिने यंत्र बंद केलं नाही. "मला वाटलंच होतं."

"कसं काय?"

"मोज्यांच्या जोड्या लावलेल्या होत्या. जगात असला गाढव एकच."

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. मग सगळं सांगितलं. पायाला लागल्यावर त्याला मागच्या तळावर सामानाच्या खोलीत बसवलं होतं. गेलेल्यांचं सामान तिथे यायचं, चिखलासकट, रक्तासकट. ते निवडायचं, धुवायचं, पेट्या भरायच्या आणि घरी पाठवायच्या. वरिष्ठांचं सांगणं एकच: घरच्यांना लागेल असं काही जाता कामा नये. मग कुणाचे जुगाराचे पत्ते काढा, कुणाची बाटली काढा, कुणाच्या सामानातला भलत्याच बाईचा फोटो काढा. "आणि कपडे मी सगळे धुवायचो," इस्त्री म्हणाला. "बाकीचे नुसते कोंबायचे. मी धुवायचो, वाळवायचो, घड्या घालायचो. म्हटलं, आईच्या हातात नीट जावं."

तेव्हा तिने यंत्र बंद केलं.

"दादाच्या पेटीतून काय काढलंस?"

"काही नाही गं. किरकोळ."

"किरकोळ म्हणजे काय?"

"म्हणजे... काकूंना लागलं असतं असं."

"माझ्या आईला काय लागतं आणि काय नाही, हे तू ठरवणार? तू? तिच्या हातचं किती वेळा जेवलास, आणि तुला एवढं कळलं नाही की ती पोराला वासाने ओळखायची?"

आणि मग तिने सांगितलं. साबण, अदलाबदल, दार, कडी, सगळं. काही शिल्लक ठेवलं नाही. इस्त्री ऐकत होता आणि त्याचे हात रुमाल उलगडत होते आणि घडी घालत होते, उलगडत होते आणि घडी घालत होते. शेवटी तिने तो रुमाल हिसकावून घेतला आणि गल्ल्याखाली टाकला.

"काय काढलंस?"

"आठवत नाही."

"खोटं."

"किल्ले, खरंच. इतक्या पेट्या होत्या गं."

"ऊठ. चालता हो."

गेला. किल्ली न घेताच गेला.

महिना गेला न गेला, तोच पुन्हा दारात. हातात दुसरी कुठलीशी किल्ली. "हिची एक करून दे."

"काय काढलंस?"

"आठवत नाही."

"मग किल्ली तयार नाही."

असं चालू झालं ते चालूच राहिलं. त्याच्या घराला इतकी कुलपं असणं शक्यच नव्हतं. कपाटाची, सायकलची, शेजाऱ्याच्या माळ्याची, जिथून मिळेल तिथून किल्ल्या आणायचा. कधी पिऊन यायचा आणि रस्त्यावरून ओरडायचा, "किल्ले, नाही आठवत! मारतेस का आता?" आणि ती आतून ओरडायची, "मारून काय मिळणार? दगडाला पाझर फुटायचा नाही!" शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "तुमचं लग्न व्हायला हवं होतं." ती म्हणायची, "झालं असतं तर एव्हाना मी तुरुंगात असते."

पण ती दर वेळी विचारायची. आणि तो दर वेळी यायचा. तिला वाटायचं, एक दिवस बोलेल. आज नाही तर पुढच्या खेपेला. म्हातारा होईल, आजारी पडेल, घाबरेल आणि सांगेल. पिऊन तरी सांगेल.

भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मेला. हरामखोर.

तिला भाषण जमत नव्हतं ते यामुळे.


भाषण, आणखी एकदा

मित्रांनो, तो गेला आणि माझ्या भावाला दुसऱ्यांदा घेऊन गेला.

हे बरं होतं. पण हे म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं?


निवड

इस्त्रीच्या घरी वहिनी दारात उभ्याच होत्या. बारीक, सरळ बाई. डोळे सुजलेले नाहीत, पण आवाज बसलेला.

"या ताई. पाणी आणते. कपाट उघडून ठेवलंय, मला काही सुचत नाही. तुम्हीच काय ते बघा."

"मॉनिटर म्हणतो पदक आणा."

"घ्या की. खालच्या खणात आहे, मोज्यांखाली."

कपाटाबद्दल सांगायला नको. शर्ट कडा जुळवून. रुमाल चौकोनी. किल्लीच्या डोळ्यांसमोर ती पत्र्याची पेटी पुन्हा उघडली आणि तिने हात घातला तो हळूच नाही, चांगला कोपरापर्यंत. घड्या विस्कटल्या. तिला पदक नको होतं. ती काहीतरी शोधत होती, जे या घरात इतकी वर्षं राहणं शक्यच नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी शोधत होती. एखादी बांगडीएवढी वस्तू, एखादा चिंधीचा तुकडा, दादाचा. शर्टांच्या मागे, चादरींच्या खाली, वरच्या फळीवर. काही नाही. पदक मिळालं, टोपी मिळाली. आणि कपाट आणि भिंत यांच्यामध्ये तिला एक बॅग दिसली.

कापडी, चेनची, खांद्याला अडकवायची. तिने ओढून काढली. कुलूप नव्हतं. कुलपं विकणाऱ्या बाईला कुलूप नसलेल्या वस्तूचीच जास्त शंका येते. तिने चेन उघडली.

दोन शर्ट, पँट, पायमोजे. टॉवेल. दात घासायचा नवा कोरा ब्रश, अजून वेष्टनात. रक्तदाबाच्या गोळ्या, ताज्या. रबरी चपला. एका माणसाला आत्ता, या क्षणी, घरातून निघून जायला लागेल एवढं सगळं. एका माणसालाच. वहिनींचं त्यात काही नव्हतं.

किल्ली गुडघ्यांवर बसून राहिली. म्हणजे हा जायच्या तयारीत होता. संसार मांडून, पोरी वाढवून, रोज बाजार आणून, कपाटामागे हा जायच्या तयारीत होता. आणि स्वयंपाकघरात ती बाई त्याच्या मैत्रिणीसाठी पाणी भरते आहे.

आणि बघा, तिचा हात कसा गेला. आपोआप गेला. चेन बंद केली, बॅग स्वतःच्या पिशवीत बसते का बघितली. बसत होती. टोपी वर ठेवली की कळणारही नाही. वहिनींना कशाला? बिचारीला लागेल. तिला काय माहीत व्हायची गरज आहे? तिने बॅग अर्धी पिशवीत सारलीसुद्धा.

मग तिला स्वतःचा हात दिसला.

"थू," ती म्हणाली. कुणाला ते सांगता यायचं नाही. बहुतेक हाताला.

तिने बॅग बाहेर ओढली, खोलीच्या मधोमध जमिनीवर आदळली आणि जरा जास्तच मोठ्याने हाक मारली, "वहिनी! इकडे या. हे बघा काय आहे ते."

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या. बॅग बघितली.

"हां, ती. पाऊस-थंडी बदलली की मीच भरते ती."

किल्लीने पेला घेतलाच नाही.

"गोळ्या मागच्याच आठवड्यात बदलल्या," वहिनी म्हणाल्या. "जुन्यांची तारीख गेली होती. घ्या ना पाणी."

"तुम्ही भरता?"

"आधी तेच भरायचे. मी लग्न होऊन आले तेव्हाच बघितली. मला वाटलं, हा माणूस आज नाही तर उद्या पळणार. भांडले, रडले. तर हे म्हणाले, बॅग भरलेली नसली तर मला झोप लागत नाही. माझी पेटी दुसऱ्या कुणी निवडायला नको. ती मी स्वतः भरून ठेवलेली असावी." वहिनी खाली बसल्या आणि चेन उघडली. "मग म्हटलं, एवढंच ना? भरू दोघं मिळून. गोळ्यांचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही."

एकेक वस्तू त्या बाहेर काढत होत्या, सवयीने. अगदी तळाशी प्लास्टिकची पिशवी होती, तोंडाला गाठ मारलेली. ती त्यांनी सोडली नाही. मांडीवर ठेवली.

"आणि हा बनियन. हा मात्र कधी धुवू द्यायचे नाहीत. एवढा टापटिपीचा माणूस, आणि हे घाणेरडं फडकं जपून! घातलेला काढायचे आणि तसाच आत. काही महिन्यांनी नवा, पण तोही घामाचाच. म्हणायचे, एक न धुतलेलं राहू दे. हे पूर्वी नव्हतं हो." वहिनींनी आठवून पाहिलं. "तुमच्या दुकानातून एक दिवस रुमाल हरवून आले ना, तेव्हापासून."

किल्ली उठली. खिडकीशी गेली. खिडकीतून दिसण्यासारखं काही नव्हतं, समोरच्याची भिंत होती. तिने त्या भिंतीकडे असं पाहिलं की भिंतीने माफी मागावी.

म्हणजे इस्त्रीला कळलं होतं तर. कळलं होतं आणि घरी जाऊन स्वतःच्या बायकोसाठी सोय करून ठेवली होती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. पण बैल हिचा गेला आणि झोपा त्याने स्वतःच्या दाराला केला! शहाणपण आलं ते कुणाच्या जिवावर? हिच्या आईच्या. त्या उघड्या दाराच्या. आणि तोंडाने मात्र एक शब्द नाही. आला, बसला, आठवत नाही म्हणाला, गेला.

"ताई, रडताय का?"

"नाही. चिडलेय."

"मीही चिडलेय," वहिनी म्हणाल्या. "भाजी तशीच पडलीय. टाकवत नाही."

ती खिडकीपासून परत बॅगेपाशी आली. मग किल्ली म्हणाली, "वहिनी, ही बॅग नेऊ का सभेला? पदकाऐवजी?"

वहिनींनी कपडे परत आत ठेवले, ब्रश ठेवला, गोळ्या ठेवल्या. प्लास्टिकची पिशवी तेवढी मांडीवरच राहिली.

"न्या," त्या म्हणाल्या. "हे माझं. हे मी काढून घेते."

त्यावर बोलायचा हक्क कुणाला नव्हता. किल्लीलासुद्धा नाही. वस्तू काढून घ्यायचा हक्क ज्यांचा होता त्यांनीच ती काढली. असं व्हायला पाहिजे होतं, तेव्हाही.


पाच वाजता

बाक तेच, माणसं मोठी. पोटं बाकाच्या फळीला अडत होती म्हणून सगळे तिरके बसले होते. समोर टेबलावर इस्त्रीचा फोटो, गणवेशातला. वहिनी शेवटच्या बाकावर, मांडीवर पर्स.

"अगं, पदक कुठंय?" मॉनिटर कुजबुजला. "आणि ही काय धोकटी?"

"तू सांगितलंस ना निवडून आण. निवडली."

मॉनिटरने प्रस्तावना केली. इस्त्री कसा निडर, इस्त्री कसा निर्व्यसनी. निर्व्यसनी म्हटल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ढब्बू दोन शब्द बोलला, ते दोनही मॉनिटरचेच होते. मग मॉनिटर म्हणाला, "आणि आता आपली किल्ली, जिच्या वीर बंधूची पेटी याच मित्राने आपल्या हातांनी, किती मायेने—"

"बस खाली," किल्ली म्हणाली.

तो बसला. वर्गात मॉनिटरला पहिल्यांदाच कुणी बसवलं.

"पेटी त्यानेच भरली," ती म्हणाली. भाषणाची एकही सुरुवात तिला आठवली नाही, ते बरंच झालं. "मायेने भरली, हेही खरं. धुऊन, पुसून, घड्या घालून. इतकी स्वच्छ केली, की माझ्या आईने आपला मुलगा ओळखला नाही. तिला वाटलं, पेटी दुसऱ्याची आहे. मरेपर्यंत दार उघडं टाकून बसली. हे त्याने केलं. मुद्दाम नाही केलं. चांगलं करायला गेला आणि केलं. मी त्याला माफ केलेलं नाही. फोटोसमोर उभं राहून सांगते, नाही केलेलं."

"किल्ले, ही काय वेळ आहे—" मॉनिटर म्हणाला.

"मग कुठली वेळ? हा आता दुकानात येणार आहे का? आणि तुम्ही आज इथे काय चालवलंय? हेच! निर्व्यसनी म्हणे. तुम्ही याला धुताय. घड्या घालताय. उद्या ही बाई" - तिने मागे हात केला - "तुमची भाषणं ऐकून म्हणेल, हे माझ्या नवऱ्याचं नाही, कुणीतरी दुसरा मेलाय. आणि बसेल वाट बघत. तसं करायचंय तुम्हाला?"

वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

किल्लीने बॅग टेबलावर ठेवली, फोटोच्या शेजारी, आणि चेन उघडली. "ही त्याची खरी पेटी. लढाईतून आल्यापासून कायम भरलेली. ही नसली तर त्याला झोप यायची नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी बघा. हात लावा. फक्त काही काढू नका."

मग ढब्बू बाकातून कसाबसा सुटला, पुढे आला आणि बॅगेत डोकावला. गोळ्या बघितल्या. ब्रश बघितला.

"माझ्याकडे दात काढायला आला होता," तो म्हणाला, आता स्वतःच्या आवाजात. "खुर्चीत आडवा व्हायला तयार नाही. वरून दिवा आला की उठून पळायचा. शेवटी उभ्याने काढला, खिडकीशी. मला आईवरून शिव्या घातल्या. आणि माझ्या बोटाला चावला."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पण हसणाऱ्या वहिनी होत्या, म्हणून मग बाकीचेही हसले. मागून कुणी म्हणालं, "मला तर एकदा रस्त्यात—" आणि दुसरं कुणी म्हणालं, "अरे, आधी माझं ऐक." मॉनिटर घड्याळाकडे बघत राहिला.

किल्लीला हसू आलं नाही. ती टेबलापाशीच उभी होती, फोटोच्या अगदी जवळ. गणवेशाची कॉलर अशी ताठ की पुन्हा स्टूल उडवावंसं वाटलं.

"काय काढलंस रे?" तिने विचारलं. हळू नाही, नेहमीच्याच आवाजात, दुकानात विचारायची तसं.

आणि सवयीने थांबली. आता तो "आठवत नाही" म्हणेल, एवढा वेळ.